खेळाडू क्रमांक ४१७

समीक्षा हे तिचं खरं नाव नाही. हे लिहू का, असं मी तिला विचारलं तेव्हा ती म्हणाली, लिहा, पण नाव बदला, आणि नवं नाव मी सांगेन तेच घाला. ज्ञानेश्वरभाऊंनाही मी तेच विचारलं. ते म्हणाले, आयुष्यात एकदा छापून यायची वेळ आली, तिथेही तुम्ही नाव बदलणार का? म्हणून त्यांचं नाव खरं आहे. माझं नाव सांगण्यात काही अर्थ नाही. जळगावच्या पिंप्राळ्यात मला सगळे नाना म्हणतात.

धुळ्याच्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होतो. निवृत्तीनंतर मुलगा आणि सून सारिका यांच्याकडे जळगावला आलो. कॉलनीच्या समाजमंदिरामागे एक खोली आहे, तिथे चारशेच्या आसपास पुस्तकं मांडून रोज दोन तास बसतो. मला लोकांशी फारसं बोलता येत नाही. पुस्तक देताना आणि घेताना जेवढं बोलावं लागतं तेवढं जमतं.

समीक्षा ही वनाची मुलगी. वना माझ्या ग्रंथालयात शिपाई होता. फाटकी पुस्तकं शिवायची, त्यांना कव्हर घालायची, हे सगळं मी त्याच्याकडून शिकलो. शाळा सुटली की ही मुलगी वर्तमानपत्रांच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. पुढे ती कबड्डीत चढाई करायला लागली आणि दोन वर्षांपूर्वी मुलींच्या व्यावसायिक लीगमधल्या एका संघाने तिला घेतलं. तेव्हा वनाच्या गल्लीत तिचा फ्लेक्स लागला. तो अजून तिथेच आहे. उन्हाने जर्सीचा रंग उडाला, तरी वना तो काढू देत नाही.

नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी दुपारी ती घरी आली. सारिका शाळेत शिकवते, मुलगाही कामावर जातो, त्यामुळे घरात मी एकटाच होतो. घरी कोण आहे हे तिने आधी फोन करून विचारलं होतं. आल्यावर पाणीसुद्धा न घेता तिने तीन पानांचं इंग्रजी पत्र माझ्यापुढे ठेवलं. पत्र लीगच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून आलं होतं. वर तिचं नाव नव्हतं. खेळाडू क्रमांक ४१७, एवढंच होतं.

मी ते दोनदा वाचलं. सप्टेंबरात शिबिरात घेतलेल्या तिच्या लघवीच्या नमुन्यात गांजा सापडला होता.

तिनेच सांगितलं. गुडघा दुखत होता, झोप लागत नव्हती, शिबिराजवळच्या एका घरी कुणाचा तरी वाढदिवस होता. एका रात्री ओढला, दुसऱ्या रात्री पुन्हा. हे सांगताना ती बोटं मोडत होती. मग म्हणाली, "कोणी जबरदस्ती नव्हती केली, नाना. मीच हात पुढे केला."

पत्रात नियम स्वच्छ लिहिलेला होता. ताकद वाढवणाऱ्या औषधांचा कायदा वेगळा, तो कडक. हा नियम नशेचा. पहिल्या वेळी नाव कुणालाही कळणार नाही. संघाला नाही, प्रशिक्षकाला नाही, घरच्यांनाही नाही. समुपदेशनाच्या सहा बैठका करायच्या, न सांगता होणाऱ्या चाचण्या द्यायच्या. दुसऱ्या वेळी सापडलं तर संघमालकाला कळवणार, तिसऱ्या वेळी खेळ बंद. खेळाडूने संघाबाहेरची एक विश्वासातली व्यक्ती निवडायची. त्या व्यक्तीने आधी गोपनीयता पाळण्याची एक सही करायची आणि सगळं संपल्यावर दुसरी.

मला का निवडलं, असं मी विचारलं.

"तुम्ही कुणाशी बोलतच नाही ना, नाना," ती म्हणाली आणि त्या दिवशी पहिल्यांदा थोडी हसली.

मी सही केली, पण मन साशंक होतं. त्याच आठवड्यात पेपरात बातमी आली होती, लीगमधल्या तीन खेळाडू नशेच्या चाचणीत दोषी, नावं सांगायला आयोजकांचा नकार. ती वाचून मलाही वाटलं होतं की हे बरोबर नाही. लोक तिकीट काढून खेळ बघतात, त्यांना कळायला नको का? आता त्या तिघींपैकी एक माझ्या खुर्चीत बसली होती आणि माझं ते मत कुठे गेलं ते मला सापडेना.

खरं तर या बाबतीत माझ्यावर कुणी विश्वास ठेवावा असा मी नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका मुलीचे वडील ग्रंथालयात आले होते. आमची मुलगी कोणती पुस्तकं नेते, असं त्यांनी विचारलं. मोठे गृहस्थ होते. मी घाबरलो आणि नोंदवही त्यांच्याकडे फिरवली. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी कॉलेजात दिसली नाही. तिच्या नावावरचं पुस्तक कुणीतरी आणून दिलं. पुढे तिचं काय झालं हे मी कधी विचारलं नाही, विचारायला तोंड नव्हतं. त्यानंतर कुणालाच नोंदवही दाखवली नाही, प्राचार्यांनाही नाही. पण ते नंतरचं.

बैठका जळगावला डॉक्टर चारुलता यांच्याकडे ठरल्या. धुळ्यात समीक्षाला रस्त्यावरचं पोरही ओळखतं, म्हणून तिने जळगाव निवडलं. दर गुरुवारी सकाळच्या बसने यायचं, बैठक करायची, मग माझ्याकडे यायचं. वनाला आणि सारिकाला सांगितलं की ती माझ्याकडे इंग्रजी शिकायला येते. हे खोटं माझ्या पचनी पडेना. म्हणून मी खरोखरच शिकवायला लागलो. दर गुरुवारी एक तास. वाचायला दुसरं काही न घेता लीगचं नियमपुस्तकच घेतलं. तिला त्यातली लांब वाक्यं तोडून दाखवली की ती म्हणायची, हे म्हणजे बचावाची साखळी तोडल्यासारखंच आहे, कच्चा दुवा शोधायचा. तिसऱ्या गुरुवारी ती मला न विचारता एक पूर्ण पान वाचून गेली. सारिका तिच्यासाठी सकाळीच कळण्याची भाकरी आणि भरीत करून ठेवायची. खेळणाऱ्या मुलीला खायला लागतं, एवढंच तिचं म्हणणं. तिने कधी दुसरं काही विचारलं नाही.

पहिल्या गुरुवारी समीक्षाने मला त्या पत्राचं मराठी करून मागितलं होतं. कळलं होतं तिला, पण नीट कळलंय का याची खात्री हवी होती. माझी नजर आता अधू झाली आहे, मोठ्या अक्षरातच लिहितो. जुन्या कॅलेंडरच्या पानाची मागची बाजू मला त्यासाठी सोयीची पडते. डिसेंबरच्या पानामागे मी सगळं भाषांतर लिहून काढलं. लिहिताना सुरुवातीला, जन्मभराच्या सवयीने, मायना घातला. "चि. समीक्षा हिस अनेक आशीर्वाद. तुला आलेल्या पत्राचा मजकूर पुढीलप्रमाणे." लीगने इतक्या काळजीने नाव वगळून नंबर घातला, आणि मी ते नाव मोठ्या अक्षरात वर लिहिलं. पत्राला मायना नसला तर ते मला उघडंबोडकं वाटतं. तेव्हा ते माझ्या लक्षातही आलं नाही.

तिला तो कागद घरी न्यायचा नव्हता, म्हणून तो लपवायचा कुठे, हा दुसरा प्रश्न. सारिका घर आवरते, कपाटं आवरते. फक्त एका ढिगाला ती हात लावत नाही. पुस्तकांच्या कव्हरांसाठी मी जुनी कॅलेंडरं साठवतो, त्या ढिगाला. म्हणून तो कागद मी त्या ढिगात घातला. सर्वांत सुरक्षित जागा तीच वाटली.

मी कव्हर घालतो तेव्हा तारखांची बाजू बाहेर ठेवतो, म्हणजे मळ दिसत नाही. रविवारी वाचनालयाच्या पाच पुस्तकांना कव्हरं घातली. ढिगातली पानं तारखांची बाजू वर करूनच रचलेली असतात. एकेक उचललं, दुमडलं, डिंक लावला. उलटून एकही पाहिलं नाही.

तिसऱ्या गुरुवारी समीक्षाने ते भाषांतर मागितलं. मी ढीग काढला. सगळी पानं उलटून पाहिली. मग पुन्हा पाहिली. डिसेंबर नव्हता.

मी तिला म्हटलं, सापडत नाही, पुढच्या वेळी देतो. ती गेल्याबरोबर वाचनालयात गेलो. चार पुस्तकांवर एप्रिल, जून, मार्च, ऑगस्ट. पाचवं पुस्तक सापांवरचं होतं, आणि नोंदवहीत त्यापुढे ज्ञानेश्वरभाऊंचं नाव होतं.

ज्ञानेश्वरभाऊ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. मूळ साक्रीकडचे, 'आहे'ला अजून 'शे' म्हणणारे. बत्तीस वर्षं गाडीत थांब्यांची नावं ओरडून त्यांचा आवाज असा झाला आहे की ते घरात शिंकले तरी कॉलनीच्या टोकाला डाळमिलच्या फाटकावर कळतं. कॉलनीत म्हणतात, रिक्षाला भोंगा लावायचा खर्च वाचवायचा असेल तर ज्ञानेश्वरभाऊंच्या कानात सांगा. त्यात कबड्डीचं वेड. लीगचा एक सामना ते चुकवत नाहीत, आणि समीक्षाची प्रत्येक चढाई त्यांना तोंडपाठ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसून दाढी करत होते. पुस्तक झालं का, एवढंच विचारायचं ठरवून गेलो होतो.

"मण्यारपर्यंत पोहोचलो, नाना. घोणस बाकी शे," ते म्हणाले. पुस्तक सध्या माझ्या नावावर, त्यातले सापही माझे, मग एवढी घाई का, असंही म्हणाले. मी म्हटलं, कुणी दुसऱ्याने मागितलं आहे. त्यांनी आरशातूनच माझ्याकडे पाहिलं. "सापाचं पुस्तक? दोघं जण?" आणि साबणाच्या फेसातून हसले. त्यांना खरं काय ते सांगता येत नव्हतं, सांगितलं असतं तर काय दडलंय ते मीच दाखवल्यासारखं झालं असतं. मी घरी परतलो.

ते सहा दिवस मी कसे काढले ते लिहीत नाही. कागद कव्हराच्या आतल्या बाजूला होता, कव्हर निघालं नाही तर दिसणार नाही, अशी मी स्वतःची समजूत घालत होतो. पण ज्ञानेश्वरभाऊ पुस्तक काखेत मारून चहाच्या टपरीवर नेतात, त्यावर भज्यांची बशी ठेवतात. त्यांच्याकडून आलेल्या पुस्तकाचं कव्हर शाबूत आलेलं मी पाहिलं नाही.

चौथ्या गुरुवारी मी समीक्षाला सगळं सांगितलं. न सांगण्याचा विचार मनात आला नव्हता असं नाही. ती भाकरीचा घास हातात धरून ऐकत राहिली. मग तो ताटात ठेवला.

"नाव का घातलंत, नाना? त्यांनी नंबर दिला होता ना."

पत्राला मायना लागतो, एवढंच सुचलं, आणि तेही मी बोललो नाही.

तिने हात धुतले, सारिकासाठी डबा झाकून ठेवला आणि धुळ्याची बस किती वाजता आहे ते विचारलं. त्या दिवशी धडा झाला नाही. पुढच्या गुरुवारी ती आलीच नाही. डॉक्टरांकडे येऊन परस्पर गेली, असा तिचा दोन शब्दांचा निरोप आला. त्या दोन शब्दांचेही मी मनोमन आभार मानले. बैठक तिने चुकवली नव्हती. सारिकाने केलेली भाकरी मीच खाल्ली.

त्याच शनिवारी ज्ञानेश्वरभाऊंनी पुस्तक आणून दिलं. त्यावर नवंकोरं खाकी कव्हर होतं. कोपरे वनासारखे दुमडलेले, वर स्केचपेनने पुस्तकाचं नाव.

"पहिलं फाटलं व्हतं," ते म्हणाले. "नातीकडून घालून घेतलं." आणि बाहेर स्कूटरवरून कुणाला तरी हाक मारत निघून गेले. फाटलेल्या कव्हराचं काय झालं ते मी विचारू शकलो नाही.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी टपरीवरून दूध घेत होतो. तिथे भूपेंद्र आला. तो मोबाईलवर बातम्यांचं चॅनेल चालवतो, गल्लीतल्या गटारापासून लीगपर्यंत सगळं त्यात असतं. तो म्हणत होता की त्या तीन नावांतलं एक खानदेशातलं आहे, त्याला वास लागला आहे. धुळ्याची ती समीक्षा दर गुरुवारी मैदानावर नसते. तिला जळगावच्या स्टँडवर दोनदा लोकांनी पाहिलं आहे. डॉक्टरांच्या बोर्डाखाली उभी होती म्हणे. कुणीतरी म्हणालं, नावं लपवायचीच कशाला, चोराचं नाव कुणी झाकून ठेवतं का? दुसरा म्हणाला, पोरगी आहे, तिच्या आयुष्याचं बघा. मग सगळ्यांनी ज्ञानेश्वरभाऊंकडे पाहिलं. कबड्डीत शेवटचा शब्द त्यांचाच.

माझ्या हातातली दुधाची पिशवी मी दोन्ही हातांनी धरली होती.

ज्ञानेश्वरभाऊंनी बशीतला चहा संपवला. मग त्यांच्या त्या थांबा ओरडायच्या आवाजात म्हणाले, "ती नानांकडे येते. इंग्रजी शिकायला. मी स्वतः खिडकीतून ऐकलंय, पानच्या पान वाचत होती. उद्या मुलाखत इंग्रजीत देईल, भूपेंद्र, तुला मराठीत धड लिहिता येत नाही, तू तिची बातमी कशी करशील ते बघ."

टपरीवर हशा झाला. भूपेंद्रने माझ्याकडे पाहून विचारलं, खरं का नाना? मी मान हलवली. एवढं मला खरेपणाने करता आलं, कारण ते खरं होतं. त्या धड्यांबद्दल मी त्या क्षणी किती कृतज्ञ होतो ते सांगता येणार नाही. भूपेंद्र म्हणाला, मग यात बातमी काय? आणि दुसऱ्या विषयाकडे वळला.

ज्ञानेश्वरभाऊ माझ्याबरोबर घरापर्यंत चालत आले. वाटेत बराच वेळ बोलले नाहीत, आणि त्यांच्या बाबतीत हेच मोठं होतं. मग सांगू लागले की गाडीत लोक काय काय विसरायचे. पिशव्या, डबे, एकदा तर पूर्ण लग्नाचा बस्ता. विसरलेली पिशवी कंडक्टरने उघडायची असते, पण कुणाची आहे ते कळण्यापुरतीच. नाव-पत्ता सापडला की गाठ मारायची. आत दुसरं काय दिसलं ते बोलायचं नाही. बत्तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ काही पाहिलं होतं.

फाटकाशी त्यांनी शर्टाच्या खिशातून एक पाकीट काढलं. जुन्या एसटीच्या कागदाचं, नीट चिकटवलेलं. आत घडी केलेला डिसेंबर होता.

"वर नाव व्हतं म्हणून कळलं कोणाचं ते," ते म्हणाले. "नाव नसतं तर मी टपरीवर सगळ्यांना विचारत बसलो असतो."

मी त्यांचे आभार मानायला तोंड उघडलं. त्यांनी हात हलवून थांबवलं.

"पोर आपली शे, नाना," एवढंच बोलले.

घरी जाऊन मी खूप वेळ ते पाकीट हातात घेऊन बसलो. इतकी वर्षं मी त्यांना नुसता भोंगा समजत होतो. कमी बोलतो म्हणून माझ्यावर विश्वास ठेवला गेला होता, आणि सांडलेलं सगळं गोळा करून परत देणारा माणूस हा निघाला. समीक्षाला फोन करून मी सर्व सांगितलं. टपरीवर कोण काय बोललं तेही. ती म्हणाली, बरं. सहाव्या गुरुवारीही ती घरी आली नाही. यात तिची चूक काहीच नव्हती. बैठका संपल्या, म्हणजे आता तिचं माझ्याकडे काही काम उरलं नव्हतं, दुसरी सही ती टपालाने मागवेल, असं मी धरून चाललो होतो.

सातव्या गुरुवारी दुपारी दार वाजलं. समीक्षा होती. पाठीवर सॅक, हातात नियमपुस्तक. वाचायचं राहिलेलं पान उघडूनच तिने ते आणलं होतं.

आधी भाकरी खाल्ली. मग म्हणाली की दोन चाचण्या झाल्या, दोन्हीत काही नाही. नववर्षात शिबिराला बोलावलं आहे. येताना ती ज्ञानेश्वरभाऊंच्या ओट्यावर थांबली होती. त्यांनी कागदाचा विषय काढला नाही, तिनेही नाही. उजव्या कोपऱ्यातून आत शिरताना तुझा डावा पाय उशिरा उठतो, हे मात्र त्यांनी अर्धा तास समजावलं. बरोबर आहे त्यांचं, असंही ती म्हणाली.

मग तिने तो कागद काढला. शेवटचा. विश्वासातल्या व्यक्तीने भरायचा. वर खेळाडू क्रमांक ४१७. खाली एकच प्रश्न, गोपनीयता पाळली गेली का, आणि पुढे हो आणि नाहीचे दोन चौकोन.

मी पेन हातात घेतलं आणि खाली ठेवलं. तिला म्हटलं, मला 'हो'वर खूण करता येणार नाही. 'नाही' केलं तर तुला त्रास होईल का, तेही मला माहीत नाही. तू म्हणशील ते करतो, पण 'हो' लिहायला सांगू नकोस.

तिने नियमपुस्तकात पाहिलं. मागच्या महिन्यात आम्ही वाचलेल्याच कलमात होतं, चूक कळवली तर खेळाडूला दोष नाही, लपवली तर आहे.

"मग खरं लिहू," ती म्हणाली. "मी लिहिते इंग्रजीत. तुम्ही तपासा."

तिने 'नाही'वर खूण केली आणि त्याखालच्या रिकाम्या ओळींवर हळूहळू लिहू लागली. मध्ये एकदा थांबून निष्काळजीपणाला शब्द विचारला. तो सांगताना मला लाज वाटली, पण सांगितला. तिने लिहिलं की विश्वासातल्या व्यक्तीच्या निष्काळजीपणामुळे आणखी एका माणसाला ही गोष्ट कळली. त्याने ती कुणालाही सांगितली नाही. खेळाडूची दोघांबद्दलही तक्रार नाही. दोघांचे ती आभार मानते.

कुणाचंही नाव त्यात नव्हतं. ज्ञानेश्वरभाऊंना ते आवडलं नसतं.

मी चष्मा पुसून ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. दुरुस्त करण्यासारखं काही नव्हतं. खाली सही केली आणि नियमपुस्तक जवळ ओढलं. आमचं अर्धं पान राहिलं होतं.